जावास्क्रिप्टला सामान्यरूप येतं!

चाकण एमआयडीसीतल्या एखाद्या शॉप फ्लोअरवर स्क्रीन टांगलेला आहे असं समजा. ब्राउझरमध्ये ओळ दिसते: 'मशीन ३ तासांपूर्वी बंद पडलं.' यात नवल ते काय? नवल आहे त्या अनुस्वारात. एक असेल तर 'एका तासापूर्वी', तीन असतील तर '३ तासांपूर्वी'. हे ब्राउझरला शिकवलं कोणी?

'मोमेंट' ही तारीख-वेळेची जावास्क्रिप्ट लायब्ररी २०११ सालची. तिच्यात मराठीची एक छोटीशी फाइल आहे आणि त्या फाइलीत दोन याद्या. एकीत 'एक मिनिट, एक तास', दुसरीत 'एका मिनिटा, एका तासा'. पुढे 'पूर्वी' किंवा 'मध्ये' लागणार असेल तर दुसरी यादी. शाळेत भल्याभल्यांना घाम फोडणारं सामान्यरूप इथे एका 'इफ'मध्ये मावलंय! मराठी जाणणाऱ्या कुणीतरी ते एकदा लिहून दिलं, आणि एमआयटी परवान्यामुळे भोसरीतल्या डेव्हलपरला ते 'एनपीएम' या लायब्रऱ्यांच्या ऑनलाइन भांडारावरून फुकट उतरवता येतं.

चाकणला गाडी जुळते, पण तिचे सगळे पार्ट कारखाना स्वतः करत नाही, व्हेंडरकडून येतात. वेबसाइटचंही तसंच, आणि पार्ट आला नाही की लाइन थांबते. २२ मार्च २०१६ ला 'लेफ्ट-पॅड' ही अवघ्या ११ ओळींची लायब्ररी तिच्या कर्त्याने एनपीएमवरून काढून घेतली, तर जगभरचे बिल्ड कोसळले. अडीचेक तासांत ती परत ठेवावी लागली. म्हणून डाउनलोडच्या आकड्यावर भुलू नये. शेवटचा बदल कधीचा, परवाना कोणता, ती स्वतः आणखी किती लायब्रऱ्यांवर विसंबून आहे, हे आधी बघावं. शिवाय ते काम ब्राउझरच करतो का, हेही. मोमेंटच्या कर्त्यांनीच २०२० मध्ये सांगून टाकलं की नव्या प्रकल्पांसाठी दुसरं काही बघा. तासापूर्वी-तासांपूर्वी आता ब्राउझरला उपजतच येतं.

पण ब्राउझरच्या पोटातल्या मराठीला आपला हात पोचत नाही, लायब्ररीतल्या मराठीला पोचतो. मोमेंटच्या फाइलीत रात्री १२ ते ६ ही सगळी 'पहाट' धरलीय, त्यामुळे स्क्रीनवर चक्क 'पहाटे १२:३० वाजता' उमटतं. थर्ड शिफ्टवाल्याला हे वाचून दाखवा! त्याच लायब्ररीतलं 'अपडेट-लोकेल' हे फंक्शन वापरून आपल्या प्रकल्पापुरता नियम बदलता येतो: चारपर्यंत रात्र, मग पहाट.