काचेच्या टाकीतला खळाळ

पावसाळा ओसरला की सह्याद्रीतले ओढे नितळ होतात. गुडघाभर पाण्यात उभं राहून खळाळातला एखादा गोटा हळूच उचलला, तर खालून बोटाएवढी, तपकिरी पट्ट्यांची सावली सुर्रकन दुसऱ्या गोट्याखाली जाते. ही मुरी. कुठे तिला मुरंगी म्हणतात, कुठे चिकणी. शहरातल्या माशांच्या दुकानात या सगळ्या गोतावळ्याला सरसकट 'लोच' म्हणतात. विल्यम हेन्री साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं छापली. त्यांतल्या एका मुरीचं शास्त्रीय नाव त्याने इथल्या बोलीतूनच घेतलं: 'मूरेह'. पुढे १८७२ मध्ये फ्रान्सिस डे याने पुण्याच्या मुरीला 'एवेझार्डी' हे नाव दिलं. म्हणजे ही मंडळी पुस्तकात येऊनही दीडशे वर्षं उलटून गेली, पण आपल्या घरातल्या टाक्यांमध्ये अजून गोल्डफिश आणि गप्पीच फिरतात.

वाहत्या पाण्यातल्या लोचची शरीरं बघण्यासारखी असतात. पोट चपटं, छातीचे आणि पोटाचे पर आडवे पसरलेले, तोंड खालच्या बाजूला. त्यांतले काही मासे या परांच्या आधाराने दगडाला असे चिकटतात की अंगावरून धो धो पाणी गेलं तरी हलत नाहीत. व्हिएतनामच्या ओढ्यांतल्या 'सेवेलिया'चे पोटाचे दोन्ही पर तर मागे जुळून त्यांची चकतीच झालेली असते. भारतीय प्राणी सर्वेक्षणातल्या सुंदरलाल होरा यांनी धारेतल्या अशा प्राण्यांवर १९३० मध्ये सविस्तर लिहिलं. सह्याद्रीतले काही मासे थेट आग्नेय आशियातल्या माशांचे भाऊबंद कसे, या कोड्यातून त्यांनी सातपुड्याच्या मार्गाने झालेल्या स्थलांतराची कल्पना मांडली. ती पुढे बरीच वादात सापडली, पण कोडं खरं होतं.

असा मासा नेहमीच्या टाकीत, कोपऱ्यात बुडबुडे सोडणाऱ्या फिल्टरच्या भरवशावर ठेवला की तो जगतो खरा, पण निस्तेज होऊन. मग हौशी माणूस एक मोठा पंप आणतो आणि टाकीत घुसळण सुरू होते. ती नदी नव्हे. नदीत पाण्याला दिशा असते. मासा त्या दिशेकडे तोंड करून उभा राहतो, दगडामागच्या शांत जागेत विसावतो, पुन्हा धारेत शिरतो. टाकीत आणायची आहे ती ही दिशा.

त्यासाठी लोचप्रेमींमध्ये मार्टिन थोएन यांची मांडणी प्रसिद्ध झाली, आणि तिचं सगळं सामान आपल्या नळकामाच्या दुकानात मिळतं. टाकीच्या तळाशी लांबीच्या दिशेने पीव्हीसीचे दोन पाइप टाकायचे, दोन्ही टोकांना आडव्या पाइपांनी जोडून चौकट करायची. एका टोकाला 'टी' लावून उभे तुकडे काढायचे आणि त्यांवर भोकांचे, स्पंज चढवलेले नळ बसवायचे. दुसऱ्या टोकाच्या उभ्या पाइपांवर पॉवरहेड, म्हणजे पाण्यात बुडवून चालवायचे छोटे पंप. पंप चौकटीतून, म्हणजे पलीकडच्या स्पंजांतून, पाणी ओढतात आणि टाकीत स्पंजांच्याच दिशेने सोडतात. वरून पाणी डावीकडून उजवीकडे वाहतं आणि वाळूखालच्या पाइपांतून गुपचूप परत येतं. सांधे घट्ट दाबून बसवले तरी पुरतात. सगळं पाण्याखालीच असल्याने बारीक गळतीने बिघडत नाही. गोंद नको, कारण कधीतरी ही चौकट उचकटावी लागणारच.

टाकी उंच असण्यापेक्षा लांब असू द्या. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे अडीचशे लिटर पाणी मावतं. दगड आणि वरची मोकळी जागा वजा करता दोनशे धरा. तासाला याच्या दहा ते पंधरा पट पाणी फिरलं पाहिजे, म्हणजे दोन ते तीन हजार लिटर. पंपाच्या खोक्यावरचा आकडा स्पंज आणि पाइपांतून ओढताना बराच घसरतो, म्हणून थोडा मोठाच पंप घ्यावा.

आपल्याकडे खरी अडचण उन्हाळ्याची. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सियसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशांना ७.६. पाणी तापतं तेव्हा माशाची गरज वाढते आणि पुरवठा नेमका घटतो. डोंगरी लोचला २० ते २५ अंश मानवतात. पृष्ठभागावर पंखा लावला की बाष्पीभवनाने पाण्याचं तापमान थोडं उतरतं. पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये ही युक्ती चालते, मुंबईच्या दमट हवेत फारशी नाही. ज्यांच्या घरी मे महिन्यात पाणी तिशीपार राहतं त्यांनी सेवेलियाचा हट्ट सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. वीज गेली तर? पॉवरहेड फार वीज खात नाही. तो इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, नाहीतर बॅटरीवरचा एअर पंप हाताशी ठेवा.

दगड गुळगुळीत गोटेच हवेत. आपला काळा बेसाल्ट उत्तम, पण त्याच्या पोकळ्यांत कधीकधी पांढरं कॅल्साइट असतं आणि ते पाणी जड करतं. पांढऱ्या भागावर लिंबू पिळा. फेस आला तर तो गोटा बाजूला. काही गोटे गच्चीवर पाण्याच्या टबात उन्हात ठेवा. त्यांवर शेवाळाचा हिरवट-तपकिरी थर चढतो. चपट्या लोचचं निम्मं जेवण तेच, म्हणून टाकीतले गोटे आणि टबातले गोटे आलटून पालटून बदलत राहावं. जोडीला गोठवलेले ब्लडवर्म आणि उकडलेल्या दुधीची चकती. मासे आणायची घाई मात्र नको: क्लोरीन काढलेल्या पाण्यात टाकी चार ते सहा आठवडे चालवून, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की मगच.

आता मासे कोणते? दुकानात सहज दिसतो तो 'झेब्रा लोच', बोटिया स्ट्रायाटा. हा आपल्या पश्चिम घाटाचाच. कृष्णेच्या खोऱ्यात राहणारा. सी. आर. नारायण राव यांनी १९२० मध्ये त्याचं वर्णन केलं. आज तो संकटग्रस्त यादीत आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००५ ते २०१२ या काळात भारतातून धोक्यातल्या ३० जातींचे किमान १५ लाख गोड्या पाण्यातले मासे शोभेसाठी निर्यात झाले, आणि त्यांत या बोटियाचा वाटा मोठा होता. त्याचं देखणेपण नाकारता येत नाही, पण ओढ्यातून उपसून आणलेला मासा घेण्यापेक्षा मी घरगुती टाक्यांतच वाढलेली सेवेलियाची पिल्लं शोधेन. ही जात टाकीत पिल्लं देते. गोट्यांच्या फटी आणि चांगली धार मिळाली की मुद्दाम काही करावं लागत नाही.

एकटा लोच ठेवू नये, पाच-सहा तरी असावेत. टाकीला झाकण हवंच, कारण हे मासे ओल्या काचेवरून चढतात. बोटियाच्या डोळ्याखाली मिटणारा काटा असतो आणि तो जाळीत अडकतो, म्हणून त्याला प्लास्टिकच्या डब्याने पकडावं. आणि विकत घेताना आधी पोट बघा. दुकानातल्या कोमट, संथ पाण्यात आठवडे काढलेल्या लोचचं पोट आत गेलेलं असतं, डोकं अंगापेक्षा मोठं दिसतं. दुकानदार सांगेल, घरी नेलं की खाईल. अशा माशाला सहसा नंतर कितीही खाऊ घातलं तरी तो सावरत नाही. तो काचेतच राहू द्या आणि पुढच्या खेपेची वाट बघा.