वऱ्हाडातला ऱ कळीवर आणताना

दर्यापूर लिहिताना र् रफार होऊन य च्या डोक्यावर बसतो. चिखलदऱ्याला लिहिताना मात्र तोच आडवा होतो, कारण मूळ नाव चिखलदरा. दोन्ही गावं अमरावती जिल्ह्यातलीच. अकोल्याकडची पऱ्हाटी, तिवसा तालुक्यातलं कुऱ्हा, बिऱ्हाड आणि खुद्द वऱ्हाड, सगळ्यांना हा आडवा र लागतो. तरी जागोजागी ‘वर्हाड’ छापलेलं दिसतं. लिहिणाऱ्याला शुद्धलेखन येत नाही असं नाही, बहुतेकदा त्याला कळ सापडलेली नसते.

युनिकोडमध्ये र आणि ऱ ही दोन वेगळी अक्षरं आहेत. साध्या र ला हलन्त जोडला की पुढच्या अक्षरावर रफार चढतो. ऱ ला जोडला की आडवा र मिळतो. संगणकाच्या लेखी ‘वर्हाड’ आणि ‘वऱ्हाड’ हे वेगळे शब्द असल्याने एकाचा शोध घेताना दुसरा निसटू शकतो. १९८६ साली आखलेल्या आणि १९९१ च्या भारतीय मानकात आलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकात ऱ ची सोय आहे: बी, शिफ्टसह जे, मग डी, यू, ई आणि पी च्या लगतची कंसाची कळ. झालं वऱ्हाड.

अडतं ते ॲ पाशी. मूळ इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि १ वर हिंदी वळणाचा ऍ आहे, तर २००९ च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमालेत घेतलेला स्वर ॲ आहे. लिनक्सवर ही दुरुस्ती आपल्या हाती आहे, कारण तिथे एक्सकेबी ही व्यवस्था कळफलक सांभाळते आणि तिच्यात कळफलक म्हणजे एक साधी मजकुराची फाईल असते. ही सोय मला फार मोलाची वाटते.

मूळ फाईलला हात लावू नका; पुढच्या अपडेटमध्ये आपला बदल पुसला जाईल. होममधल्या लपलेल्या ‘कॉन्फिग’ फोल्डरात ‘एक्सकेबी’ आणि त्यात ‘सिम्बॉल्स’ फोल्डर करा. तिथे नवी फाईल उघडा, नाव रोमनमध्ये द्या. आधी मूळ देवनागरी आराखडा ‘इन्क्लूड’ने ओढून घ्या, म्हणजे बदलायच्या कळाच तेवढ्या लिहाव्या लागतात. कळांची नावं जागेवरून पडतात: आकड्यांची ओळ ई, तिच्या खालची डी, मग सी, मग बी; या अक्षराआधी ए आणि पुढे डावीकडून क्रमांक. १ ची कळ एई०१, जे ची एसी०७. एई०१ समोर कंसात दोन संकेत द्या: पहिला यू०९६७, म्हणजे १, दुसरा, शिफ्टसाठी, यू०९७२, म्हणजे ॲ. ओळीच्या शेवटचा अर्धविराम विसरलात तर सगळा आराखडाच चढत नाही. म्हणून ‘एक्सकेबीसीएलआय’ आदेशाने फाईल आधी तपासून घ्या.

सेटिंग्जच्या यादीत नाव यायला ‘एक्सकेबी’तच केलेल्या ‘रूल्स’ फोल्डरात एव्हडेव्ह नावाची छोटी एक्सएमएल फाईल लागते. मग लॉगआउट करून परत या. हे वेलँड या नव्या चित्रपट-व्यवस्थेवर चालतं. तिच्या आधीचं जुनं एक्स११ होममधला फोल्डर आपणहून वाचत नाही. इंग्रजी कळफलक यादीत राहू द्याच, पासवर्ड त्यावरच टाकायचा असतो.

एका कळीवर अख्खा ‘ऱ्ह’ हवा असेल तर मात्र ही पद्धत सोडा. इथे साधारणपणे एका दाबाला एकच अक्षर मिळतं. तेव्हा आयबस ही टंकन-व्यवस्था आणि तिला जोडलेलं एम१७एन वापरा, त्यात कळांच्या जोडीला हवा तेवढा मजकूर बांधता येतो. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये रेमिंग्टन कळफलकावर हात बसलेल्यांनीही तिकडेच जावं: रेमिंग्टनमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी दाबतात, आणि तो क्रम उलटवणं एक्सकेबीच्या आवाक्यातलं नाही.