सिव्हिल इंजिनिअरिंगमधला सगळ्यात कठीण विषय कोणता?

(वरोरा येथे बारावी व पॉलिटेक्निकचे विद्यार्थी आणि त्यांच्या पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सिव्हिलला ॲडमिशन घ्यायची म्हटलं की दोन प्रश्न हमखास येतात. पालक विचारतात, नोकरी लागेल का? आणि मुलं विचारतात, सर, सगळ्यात कठीण विषय कोणता? पहिल्या प्रश्नावर बोलणारे पुष्कळ आहेत, म्हणून आज आपण दुसरा घेऊ. तो वाटतो तितका साधा नाही. त्याचं नीट उत्तर न मिळाल्यामुळे चांगली मुलं तिसऱ्या वर्षात अडकतात. दोन-तीन विषय मागे राहतात आणि "आपलं डोकंच चालत नाही" असं पोरगं स्वतःच ठरवून टाकतं. घरी कापूस, सोयाबीन विकून फी भरलेली असते. तेव्हा हा प्रश्न नुसत्या मार्कांचा नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सिव्हिलमधले विषय तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी कठीण असतात आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे. मुलं सगळ्यांवर एकच उपाय करतात: जास्त वेळ बसायचं आणि पाठ करायचं. तिथे गाडी अडते.

पहिली तऱ्हा: साखळीचे विषय

पहिल्या वर्षी इंजिनिअरिंग मेकॅनिक्स असतं. दुसऱ्या वर्षी स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, मग स्ट्रक्चरल ॲनालिसिस आणि त्यानंतर स्टील आणि आरसीसी डिझाइन. विद्यापीठाप्रमाणे नावं आणि सेमिस्टर थोडे मागेपुढे होतात, पण क्रम हाच. ही चार नावं दिसतात, पण खरं म्हणजे हा एकच विषय आहे, चार वर्षांत वाटलेला.

मेकॅनिक्स सांगतं की वस्तू स्थिर आहे, म्हणजे तिच्यावरची सगळी बलं एकमेकांना तोलून धरतायत. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स विचारतं, मग त्या वस्तूच्या आत काय चाललंय? एक फळी घ्या, २० सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर जाड. दोन विटांवर आडवी टाकून मधे उभे राहा, ती वाकते. तीच फळी धारेवर उभी करून ठेवा. लाकूड तेच, वजन तेच, पण आता ती १६ पट कमी वाकते. कारण वाकण्याला होणारा विरोध उंचीच्या घनावर अवलंबून असतो. बीम रुंदीपेक्षा उंच का असतो, ते इथे कळतं.

पुढे येतं स्ट्रक्चरल ॲनालिसिस. मुलं ज्याला सगळ्यात जास्त घाबरतात तो हा विषय. याची भीती कुठून येते ते एका उदाहरणाने सांगतो. तिपाई कशाही जमिनीवर ठेवा, ती डुगडुगत नाही. तिच्या प्रत्येक पायावर किती भार येतो हे नुसत्या तोलाच्या समीकरणांवरून काढता येतं. आता चार पायांचं टेबल घ्या. समीकरणं तेवढीच आहेत आणि उत्तरं मात्र चार हवीत. नुसत्या तोलावरून ती निघणार नाहीत. कोणता पाय किती दबतो, जमीन किती दबते, हेही विचारात घ्यावं लागतं. अशा रचनेला इंडिटरमिनेट म्हणतात, आणि आपल्या बहुतेक आरसीसी इमारती अशाच असतात. स्लोप डिफ्लेक्शन, मोमेंट डिस्ट्रिब्यूशन, मॅट्रिक्स पद्धत या सगळ्या त्या टेबलाच्या चौथ्या पायाचा हिशोब करायच्या रीती आहेत.

आता गंमत बघा. जो मुलगा इथे नापास होतो, त्याचा पेपर नीट तपासला तर पुष्कळदा पद्धत बरोबर असते. चूक असते बेंडिंग मोमेंट डायग्राममध्ये, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या कामात. कधी आणखी मागे, फ्री बॉडी डायग्राममध्ये एक बल काढायचं राहून जातं. कडी तुटली दुसरीकडेच आणि दुखतंय इथे. मग तिसऱ्या वर्षाचं पुस्तक दहा वेळा वाचून काय होणार? साखळीच्या विषयाला उपाय एकच: मागे जायचं, तुटलेली कडी शोधायची आणि तिथून पुन्हा यायचं. आठ-पंधरा दिवसांचं काम असतं, पण "तिसऱ्या वर्षात असून दुसऱ्याचं पुस्तक काय उघडायचं" अशी लाज वाटते. ती लाज सोडा.

पॉलिटेक्निकमधून थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्यांना मुद्दाम सांगतो. सर्व्हे, ड्रॉइंग, साइटचं काम यात तुम्ही बारावीवाल्यांच्या पुढे असता. पण डिग्रीच्या पहिल्या वर्षाचं गणित तुमचं झालेलं नसतं आणि समोर एकदम डिफरन्शियल इक्वेशन्स येतात. तुमची कच्ची कडी बहुधा तीच. डिप्लोमाचा निकाल आणि कॉलेज सुरू होणं यामधल्या सुटीत डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन पक्कं करून घ्या.

दुसरी तऱ्हा: निसर्गाचे विषय

सॉईल मेकॅनिक्स, जिऑलॉजी, हायड्रॉलॉजी हे विषय या गटात येतात. गणित इथे फार अवघड नसतं. मग मुलं का गोंधळतात? कारण इथे एक ठाम उत्तर मिळत नाही. लोखंड कारखान्यात आपण बनवतो, म्हणून त्याची ताकद ठरलेली असते. माती आपण बनवलेली नाही. एकाच शेतात दोन ठिकाणी खणा, दोन तऱ्हेची निघेल.

बीमचं गणित अठराव्या शतकात बरंचसं तयार होतं. मातीचं शास्त्र त्या मानाने नवीन आहे. कार्ल टर्झागी यांचा पायाभूत ग्रंथ १९२५ साली आला, म्हणजे त्याला जेमतेम शंभर वर्षं झालीत.

आणि तुम्हाला हा विषय शिकायला लांब जायची गरज नाही. वरोऱ्याच्या आसपासची काळी माती बघा. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी धरून फुगतं आणि वाळलं की आकसतं. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, जुलैत त्या मिटतात. शेतकऱ्याला ही माती कापसासाठी सोन्यासारखी. पण तिच्यावर घर बांधलं तर दरवर्षी ती घराला वर ढकलते आणि खाली सोडते. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरपी भेग आपण गावोगाव बघतो. लोक म्हणतात, मिस्त्रीने काम खराब केलं. कधी तेही असतं, पण पुष्कळदा पायाच उथळ असतो.

यावर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अंडररीम्ड पाइल ही पद्धत विकसित केली. मातीचा वरचा थर ऋतूप्रमाणे हलतो. त्याच्या खाली, साधारण साडेतीन मीटरपर्यंत पाइल न्यायचा आणि तळाशी त्याला कांद्यासारखा फुगवटा द्यायचा, म्हणजे फुगणारी माती त्याला वर उपटू शकत नाही. पुस्तकात हा अर्ध्या पानाचा मजकूर आहे, पण आपल्या तालुक्यात तो घर वाचवतो.

जिऑलॉजीचंही तसंच. मुलं म्हणतात, दगडांची नावं पाठ करायची, दुसरं काय? अहो, वरोरा, माजरी, भद्रावती हा कोळशाचा पट्टा आहे. वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे आली तीच मुळात कोळशासाठी. जमिनीखाली काय आहे आणि काय काढून घेतलंय, हे न बघता इथे मोठं बांधकाम करता येत नाही.

हायड्रॉलॉजीत एक शब्द येतो, शंभर वर्षांचा पूर. मुलांना वाटतं, एकदा आला की शंभर वर्षं निवांत. तसं नाही. त्याचा अर्थ असा की कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता १ टक्का. आता हिशोब करा: ३० वर्षांत तो किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के निघते. म्हणजे जवळजवळ चारात एक! २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ सालचा दगडी पूल पुरात गेला आणि एसटीच्या दोन बस वाहून गेल्या. तेव्हा या विषयात "साधारण" म्हणून सोडून दिलेला आकडा माणसांच्या जिवाशी जोडलेला असतो.

या गटातल्या विषयांना उपाय म्हणजे बाहेर पडणं. गावात विहीर खणत असतील तर जाऊन थर बघा, मूठभर माती घ्या, ओली करा, वळी होते का बघा. वर्धा नदीच्या पुलावर मागच्या पुराची खूण कुठपर्यंत आहे ते बघा. मग पुस्तक वाचा.

तिसरी तऱ्हा: "सोपे" विषय

सर्व्हेइंग, काँक्रीट टेक्नॉलॉजी, एस्टिमेटिंग. मुलं यांना स्कोअरिंग म्हणतात. परीक्षेत सोपे आहेत हे खरं, पण साइटवर पहिल्याच आठवड्यात हेच विषय आडवे येतात.

सर्व्हेइंग घ्या. नालीला २०० ला १ उतार द्यायचा आहे. मग २० मीटरमध्ये एकूण उतार किती? फक्त १० सेंटिमीटर. लेव्हल घेताना तेवढी चूक झाली तर पाणी जागच्या जागी उभं राहील. या विषयात बुद्धीपेक्षा शिस्त लागते. प्रत्येक मोजणी परत पहिल्या बिंदूवर आणून पडताळायची. तुम्हाला माहीत आहे का, भारताची महान त्रिकोणमितीय मोजणी १८०२ साली सुरू करणारे विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या शेजारच्या हिंगणघाटला वारले? त्यांची कबर तिथेच आहे. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट घेऊन वीस वर्षं हा माणूस मोजत होता.

काँक्रीटचं बघा. सिमेंटची एक गोणी ५० किलोची. पाणी-सिमेंट प्रमाण ०.५ ठेवायचं तर पाणी २५ लिटर. हे गणित सातवीचा मुलगाही करेल. पण मे महिन्यात पारा ४५ च्या वर असतो, माल घट्ट होतो, मजूर दमलेले असतात, आणि मिस्त्री म्हणतो, "साहेब, एक बादली टाकू द्या." दहा लिटर टाकलं की प्रमाण ०.७ झालं आणि ताकद बरीच घटली. त्या वेळी, वयाने दुप्पट असलेल्या मिस्त्रीला, त्याचा मान ठेवून "नाही काका, माल पुन्हा बनवू" म्हणणं हे काँक्रीट टेक्नॉलॉजीतलं सगळ्यात कठीण गणित आहे. कोणत्याच पेपरात ते येत नाही.

या गटाला उपाय म्हणजे हाताने करणं. स्वतःच्या घराच्या एका भिंतीचं एस्टिमेट काढा. मॉड्युलर विटा घनमीटरला साधारण ५०० लागतात. दार-खिडकी वजा करा आणि मग मिस्त्रीला विचारा, किती लागल्या होत्या?

प्रश्नोत्तरं

एक पालक विचारतायत, मुलाला गणितात ५० मार्क आहेत, सिव्हिल घ्यावं का? ५० कसे आले ते बघा. सगळं अर्धवट येतं म्हणून, की काही धडे पूर्ण येतात आणि काही अजिबात सुटलेत? दुसरं असेल तर काळजीचं कारण नाही, सुटलेले धडे भरून काढता येतात. पहिलं असेल तर आधी दोन महिने गणिताला द्या, मग ठरवा.

हा विद्यार्थी विचारतोय, सॉफ्टवेअर सगळं करून देतं, मग ॲनालिसिस कशाला शिकायचं? चांगला प्रश्न आहे. ४ मीटरचा बीम, दोन्ही टोकं साधी टेकलेली, मीटरमागे भार २० किलोन्यूटन. मधला मोमेंट किती? २० गुणिले ४ गुणिले ४, भागिले ८, म्हणजे ४० किलोन्यूटन-मीटर. कॉम्प्युटरने ४०० दाखवला तर तुला थांबता आलं पाहिजे. त्याला आकडे आपण देतो, आणि चुकीचे दिले तरी तो दोन दशांशांपर्यंत व्यवस्थित उत्तर छापतो. ते उत्तर खरं आहे का, हे त्याला कळत नाही. ते तुला कळावं म्हणून शिकायचं.

आणखी प्रश्न असतील तर मी इथेच थांबलोय, सावकाश या.