कुत्र्याची खाज : आधी कारण, मग औषध

कुत्र्याने दिवसातून दोन-चार वेळा अंग खाजविणे स्वाभाविक आहे. मात्र रात्री झोपमोड होईपर्यंत खाजविणे, पंजे सतत चाटणे, केस गळून कातडी लाल होणे ही आजाराची चिन्हे होत. खाज हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे आणि ती शरीरावर कोठे उठते, यावरून कारणाचा पुष्कळसा अंदाज बांधता येतो.

शेपटीच्या मुळाशी खाज असल्यास प्रथम पिसवांचा संशय घ्यावा. काही कुत्र्यांना पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असते. त्यांना मोजके दंशही असह्य होतात. पिसवांची अंडी व अळ्या अंथरुणात, सतरंजीत आणि फरशीच्या फटींत असतात. म्हणून केवळ कुत्र्यावर उपचार करून भागत नाही. घराची स्वच्छताही तितकीच आवश्यक असते. गोचीड कानांत व बोटांच्या बेचक्यांत आढळते. तिच्यामुळे गंभीर तापही उद्भवतो.

कानांच्या कडा व पायांचे कोपरे यांवर खपल्या धरून तीव्र खाज सुटली, तर ती खरूज असू शकते. ती इतर कुत्र्यांना लागते आणि घरातील माणसांच्या अंगावरही तात्पुरते पुरळ उठू शकते.

पंजे, तोंड व काखा येथील खाज अनेकदा धूळ किंवा परागकणांच्या ॲलर्जीची असते. ती बहुधा वयाच्या ६ महिने ते ३ वर्षे या काळात सुरू होते. काही कुत्र्यांना रोजच्या दूध-पोळीतील दूध किंवा गहूही सोसत नाही. त्याची खातरजमा करण्यासाठी पशुवैद्य सुमारे ८ आठवडे ठरावीक आहार देण्यास सांगतात. त्या काळात एक बिस्किटही वर्ज्य समजावे. पावसाळ्यात दमट कानांत व कातडीच्या घड्यांत बुरशी वाढून दुर्गंधी येते.

खाजेवर जळके ऑइल, रॉकेल वा फिनेल लावण्याचा प्रघात अत्यंत घातक आहे. कुत्रे अंग चाटते आणि विष पोटात जाते. माणसांच्या स्टेरॉइड गोळ्यांनी खाज दबते, कारण मात्र तसेच राहते.

खाज केव्हा सुरू झाली, कोठे आहे, आहारात काय बदलले, घरात आणखी कोणास खाज आहे का, याची नोंद ठेवून ती पशुवैद्यास दाखवावी. मुक्या प्राण्यास आपली तक्रार सांगता येत नाही; ती नोंदच त्याच्या वतीने बोलते.