कळकलेले ताक आणि कल्हईचे भांडे

लग्नसराईच्या दिवसांत बेळगावच्या खडेबाजारात आणि त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत खेड्यापाड्यांतील माणसांची गर्दी असते. आहेराच्या कापडाबरोबर भांड्यांचीही खरेदी होते. आज घरोघरी स्टेनलेस स्टील आले असले, तरी तांब्यापितळेची भांडी पुन्हा हौसेने घेतली जाऊ लागली आहेत. मात्र ती वापरताना पाळावयाचा नियम पुष्कळांच्या विस्मरणात गेला आहे. पूर्वी घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात आंबट पदार्थ ठेवू देत नसत. ताक किंवा आमटी अशा भांड्यात राहिली, की ती ‘कळकली’ असे म्हणून सरळ टाकून दिली जाई. हा सोवळ्याओवळ्याचा प्रकार नव्हे. शाळेच्या पुस्तकात आम्ले, आम्लारी, क्षार आणि धातूंची क्रियाशीलता या नावांनी जो पाठ असतो, तोच येथे स्वयंपाकघरात घडत असतो.

आंबटपणा हा आम्लाचा गुण होय. ताकात लॅक्टिक, चिंचेत टार्टारिक, तर लिंबात सायट्रिक आम्ल असते. याच्या उलट गुणधर्माचे पदार्थ म्हणजे आम्लारी. चुना आणि धुण्याचा सोडा ही त्यांची घरगुती उदाहरणे. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले, की दोघांचाही तीव्रपणा मावळतो आणि क्षार व पाणी तयार होते. (बोलीत सोड्यालाही ‘खार’ म्हणतात, त्यामुळे वर्गात मुलांचा गोंधळ उडतो, हे शिक्षकांनी ध्यानात घ्यावे.)

धातूंची मात्र एक उतरंड आहे. सर्वांत वर पोटॅशियम व सोडियम, त्यांच्याखाली कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त, लोखंड, कथील आणि शिसे, नंतर हायड्रोजन आणि त्याच्याही खाली तांबे, चांदी व सोने. हायड्रोजनच्या वरचे धातू सौम्य आम्लातून हायड्रोजनला हुसकावून त्याची जागा घेतात. खालच्यांना ते साधत नाही. मग तांबे जर खालचे, तर त्यात ताक कळकावे का?

याचे उत्तर हवेत आहे. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन तांब्यावर ऑक्साइडचा काळपट थर चढतो. हे ऑक्साइड आम्लारीधर्मी असल्याने ताकातील आम्लाशी त्याची तात्काळ क्रिया होते आणि तांब्याचा क्षार ताकात उतरतो. भांड्याच्या कडेला, जेथे ताक आणि हवा यांची गाठ पडते, तेथे हिरवट वलय दिसते ते यामुळेच. पितळेत तांब्याबरोबर जस्तही असते, आणि जस्त तर हायड्रोजनच्या वरचे. असे अन्न पोटात गेल्यास मळमळ, उलट्या आणि पोटात कळा सुरू होतात. अन्न पुन्हा उकळल्याने क्षार नाहीसा होत नाही. जत्रेच्या किंवा लग्नाच्या पंगतीसाठी भाड्याने आणलेल्या पातेल्यात मठ्ठा घुसळण्यापूर्वी आतून कल्हई शाबूत आहे की नाही, हे पाहणे म्हणूनच अत्यावश्यक आहे. चिंचेने घासल्यावर पितळ लखलखते, तेव्हाही हीच क्रिया होत असते. भेद इतकाच, की तो क्षार पाण्याबरोबर मोरीत जातो.

कल्हईवाल्याची कृती पाहण्यासारखी असते. भांडे भट्टीवर तापवून तो त्यात नवसागराची पूड टाकतो. उष्णतेने नवसागराचे विघटन होऊन अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड हे वायू सुटतात. त्यांपैकी दुसरा आम्लधर्मी असल्याने तांब्यावरील ऑक्साइड काढून टाकतो. पांढऱ्या धुराचा लोट उठतो तो याच वेळी. स्वच्छ झालेल्या तप्त पृष्ठावर कथिलाची कांडी टेकवताच ती वितळते, कारण कथील २३२ अंश सेल्सिअसलाच पातळ होते. मग कापसाच्या बोळ्याने ते सर्वत्र फिरविले जाते. कथिलावर अन्नातील सौम्य आम्लांचा परिणाम फार मंद होतो, आणि अल्प प्रमाणात ते पोटात गेले तरी त्याचा बहुतांश भाग शरीरात शोषला जात नाही. शिशाचे तसे नाही. ते कथिलापेक्षा स्वस्त, म्हणून मिसळण्याचा मोह होतो. परंतु ते शरीरात साठत जाणारे विष असून लहान मुलांना विशेष घातक आहे. कल्हई शुद्ध कथिलाचीच करून घ्यावी, आणि तांबूस-पिवळा रंग डोकावू लागताच ती पुन्हा करवावी.

ॲल्युमिनियम उतरंडीत इतके वर असूनही टिकते, ते स्वतःच्याच ऑक्साइडच्या घट्ट थरामुळे. हा थर आम्लात विरघळतो आणि सोड्यातही. बेळगाव येथील कारखान्यात बॉक्साइटपासून ॲल्युमिना वेगळा करण्यासाठी दाहक सोडा वापरतात, तो याच गुणामुळे. तेव्हा ॲल्युमिनियमची भांडी सोड्याने घासू नयेत.

शेतकऱ्यालाही या उतरंडीशी काम पडते. पानमळा, द्राक्षबाग, बटाटा यांवरील बुरशीसाठी वापरले जाणारे बोर्दो मिश्रण फ्रान्समध्ये १८८५ च्या सुमारास प्रसिद्धीस आले. एक टक्का मिश्रणासाठी एक किलो मोरचूद व एक किलो चुना वेगवेगळे कालवून, एकत्र ढवळून शंभर लिटर पाण्यात बसवितात. मोरचूद हा तांब्याचा आम्लधर्मी क्षार. चुना कमी पडला तर पाने करपतात. हे ओळखावयास घासलेला विळा मिश्रणात थोडा वेळ बुडवावा. पात्यावर तांबूस थर आल्यास लोखंडाने तांब्याला हुसकावले असे समजून आणखी चुन्याची निवळी घालावी. अर्थात, हे मिश्रण लोखंडी वा जस्ताच्या पत्र्याच्या भांड्यात कधीही करू नये. मातीचे, लाकडी वा प्लॅस्टिकचे पात्र घ्यावे. हाच प्रयोग वर्गात मोरचुदाचे पाणी व एक खिळा घेऊन दाखविता येतो. मात्र मोरचूद विषारी असल्याने तो शिक्षकांनी स्वतः करावा.

निपाणी भागातील तंबाखूचेही असेच आहे. पानात निकोटीन हे आम्लांशी बांधलेल्या क्षाराच्या रूपात असते. चुना चोळला की तो त्या आम्लांना ओढून घेतो, निकोटीन मोकळे होते आणि गालाच्या नाजूक त्वचेतून वेगाने रक्तात जाते. चिमूट मळताच तरतरी येते ती या रासायनिक क्रियेमुळे, आणि त्याच जागी रोज चुना लागून गालही आतून सोलवटत असतो.