क्वार्टर म्हणजे किती?

माझगावातला एखादा गोदी कामगार शिडीवरून पडतो, मांडीचं हाड मोडतं. टॅक्सीत घालून त्याला भायखळ्याला जेजे रुग्णालयात नेतात, पायाला वजन लावतात. दोन दिवस बरे जातात. तिसऱ्या रात्री तो चादरीवरच्या मुंग्या झटकू लागतो. मुंग्या नसतातच. हात थरथरतात, घामाने उशी भिजते, समोरच्या खाटेवरच्या माणसाला मुकादम समजून तो हाका मारतो. घरचे कुजबुजतात, बाहेरचं काहीतरी लागलं.

लागलेलं नसतं, सुटलेलं असतं. दारू रोज मेंदूला गुंगीकडे ओढते, आणि जागं राहायला मेंदू रोज उलट्या बाजूने जोर लावतो. वर्षानुवर्षं ही रस्सीखेच चालते. खाटेवर पडल्यावर दारूने दोर सोडला की मेंदू भेलकांडतो. शेवटच्या घोटानंतर साधारण दोन ते चार दिवसांत हे वादळ येतं. वेळीच औषध दिलं नाही तर जीवही जातो, हाड मोडून आलेल्याचा!

मग माणूस रोज पितो हे आधी कळत कसं नाही? रक्तात खुणा असतात. रोज पिणाऱ्याच्या लाल पेशी बऱ्याचदा फुगलेल्या दिसतात, आणि पेशी सुमारे 120 दिवस जगत असल्याने ती साक्ष जुनीही असते. पण बी-12 जीवनसत्त्व कमी असलं तरी पेशी फुगू शकतात. म्हणजे शेवटी विचारावंच लागतं.

विचारायचं काय, यावर जागतिक आरोग्य संघटनेने दहा प्रश्न तयार केले. नाव ‘ऑडिट’, गुण 40. आठ किंवा जास्त पडले की सावध व्हायचं. तिसरा प्रश्न मला फार आवडतो: एका बैठकीत सहा किंवा जास्त ‘ड्रिंक’ किती वेळा होतात? या हिशेबात एक ड्रिंक म्हणजे 10 ग्रॅम मद्यार्क. आता आपली क्वार्टर घ्या. 180 मिली, त्यात 42.8 टक्के मद्यार्क, म्हणजे 77 मिली. वजन साधारण 61 ग्रॅम. बरोब्बर सहा! ‘‘जास्त नाही डॉक्टर, एक क्वार्टर फक्त,’’ असं म्हणणारा माणूस त्या ‘फक्त’मध्येच पूर्ण उत्तर देऊन टाकतो.

आणि विचारायला मानसोपचारतज्ज्ञच हवा असंही नाही. गोव्यात ‘संगत’ संस्थेने दहा आरोग्य केंद्रांत दुसऱ्याच कारणासाठी आलेल्या पुरुषांना हेच प्रश्न विचारले. ज्यांचे गुण 12 ते 19 भरले, त्यांतल्या निम्म्यांशी खास शिकवून तयार केलेली साधी माणसं बोलली, जास्तीत जास्त चार वेळा. तीन महिन्यांनी या गटातले 36 टक्के आठच्या खाली आले. नेहमीच्याच उपचारांवर असलेल्यांत 26 टक्के. 2017 साली ‘लॅन्सेट’ने हे छापलं. दहा टक्क्यांचा फरक, नुसत्या बोलण्याने.

तेव्हा घरच्या माणसाला ॲडमिट करताना, पाय मोडलेला असो की पित्ताशयाचं ऑपरेशन, लाज बाजूला ठेवून सिस्टरला दोन गोष्टी सांगा: रोज किती, आणि शेवटची कधी.