ट्रस्टविरोधी कायदा : कोणावर चालला?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले तेव्हा अमेरिकेत 'पुरोगामी युग' ऐन भरात होते. बड्या भांडवलाला वेसण घालायची, पक्षातल्या दलालांच्या तावडीतून राजकारण सोडवायचे, ही त्या युगाची भाषा. आपले विद्यार्थी हा काळ सुधारणांची यादी म्हणून पाठ करतात. (मीही तसाच केला होता.) पण त्या यादीतला एकच कायदा घेऊन तो प्रत्यक्षात कोणावर चालला, हे पाहिले पाहिजे.

१८९० चा शर्मन कायदा. व्यापारात अडथळा आणणारे संगनमत बेकायदेशीर, हा त्याचा गाभा. मात्र संगनमत कशाला म्हणायचे, हे न्यायाधीशांच्या हाती राहिले. १८९५ च्या जानेवारीत साखरसम्राटांचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे निकाली निघाला. देशातील साखर शुद्धीकरणाचा ९० टक्क्यांहून अधिक धंदा एका कंपनीच्या मुठीत होता. न्यायालयाने म्हटले, साखर तयार करणे हे उत्पादन आहे, व्यापार नव्हे. सबब हा कायदा येथे लागू नाही. त्याच वर्षी मे महिन्यात त्याच न्यायालयाने रेल्वे कामगारांचे पुढारी यूजीन डेब्ज यांचा तुरुंगवास कायम केला. १८९४ च्या पुलमन संपात मनाई हुकूम मोडल्याबद्दल त्यांना दोषी ठरवताना खालच्या न्यायालयाने आधार घेतला होता तो शर्मन कायद्याचाच! पुढे १९०८ साली डॅनबरीच्या टोप्या बनवणाऱ्या कामगारांचा बहिष्कारही 'संगनमत' ठरला. तिप्पट नुकसानभरपाईसाठी साध्या सभासदांच्या घरांवर आणि बँकेतल्या पुंजीवर जप्ती आली.

मालकांवर हा कायदा चाललाच नाही, असे नाही. आयडा टार्बेल यांच्या लेखमालेने रॉकफेलरच्या तेल कंपनीचे व्यवहार चव्हाट्यावर आणले होते आणि १९११ साली स्टँडर्ड ऑईलचे ३४ तुकडे करण्यात आले. पण प्रत्येक तुकड्याचे भाग जुन्याच भागधारकांना मिळाले, भाव चढले आणि रॉकफेलर अधिकच श्रीमंत झाला.

१५ ऑक्टोबर १९१४ रोजी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी क्लेटन कायद्यावर सही केली. माणसाचे श्रम ही विक्रीची वस्तू नव्हे, हे तत्त्व त्यात कलम म्हणून आले. कामगार पुढाऱ्यांना ते मुक्तीचे वचन वाटले. १९२१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातली हवा काढून घेतली.

आणि कृष्णवर्णीय? उमेदवार थेट मतदारांनी निवडावा, ही सुधारणा दक्षिणेत पोहोचली ती 'फक्त गोऱ्यांसाठी' होऊन. विल्सन यांच्याच कारकिर्दीत, १९१३ पासून, टपाल व अर्थखात्याच्या कचेऱ्यांत काळ्या नोकरांना वेगळे बसवणे सुरू झाले. जेवणाच्या जागा वेगळ्या, शौचालये वेगळी. क्लेटन कायद्याला महिनाही झाला नव्हता, तेव्हा पत्रकार विल्यम मन्रो ट्रॉटर शिष्टमंडळ घेऊन विल्सन यांना जाब विचारायला गेले. १९१२ च्या निवडणुकीत त्यांनी विल्सन यांनाच पाठिंबा दिला होता. हे वेगळेपण तुमच्या हिताचेच आहे, असे विल्सन यांनी त्यांना सांगितले. ट्रॉटर यांनी वाद घातला, तेव्हा त्यांच्या बोलण्याचा सूर राष्ट्राध्यक्षांना खटकला.